वापस येजो

वासुदेवभाऊंच्या कारखान्यातून कुठलीही पेटी बाहेर पडायची, तर आधी भाऊ यायचे. झाकणाला खिळे ठोकण्यापूर्वी आतल्या रोलरवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "जाय बाप्पा, पन वापस येजो." पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा चळला! अमरावतीच्या एमआयडीसीत मी त्यांच्या परदेशी पत्रव्यवहाराला लागले होते, आणि मालक लोखंडाशी बोलत होते.

हा रोलर जिनिंगच्या यंत्रातला, सरकीपासून रुई वेगळी करणारा. मधे लोखंडी दांडा, त्यावर चामड्याच्या चकत्या. हंगामभरात चामडं झिजतं, दांड्याला मात्र काही होत नाही. आपल्याकडचे जिनवाले झिजलेला रोलर भाऊंकडे आणायचे आणि नवं चामडं चढवून न्यायचे. भाऊंनी तीच रीत टांझानियातल्या जिनवाल्यांशी चालवली. रोलर विकायचा नाही, वापरायला द्यायचा; झिजलेला इकडे, ताजा तिकडे. पुण्याहून आलेल्या एका सल्लागारांनी सांगितलं, याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. भाऊ जाम खूश झाले. "अकोल्याच्या माह्या जवायाले सांग हे," मला म्हणाले, "थो म्हनते, सासरा भंगारवाला हाये."

तसा तो शब्द त्यांना झोंबत नसे. परत आलेल्या मालाला ते स्वतःच लाडानं भंगार म्हणायचे. ट्रक दिसला की "माहं भंगार आलं व!" असं ओरडत फाटकापर्यंत धावायचे. सत्तरीचा माणूस, पण त्या क्षणी अगदी पोरासारखा.

त्याच लाडानं घात केला. मुंबईच्या बंदरातून एजंटाचा फोन आला, कंटेनरमध्ये काय आहे? मी जेवायला बसले होते, म्हणून भाऊंनी उचलला. "काय असंन बाप्पा, भंगार हाये आपलं!" कागदोपत्री दुरुस्तीचे रोलर होते, पण एजंट नवा. त्यानं मालकाचा शब्द प्रमाण मानून कस्टमला तसंच कळवलं. दुसऱ्या देशाचं भंगार परवानगीशिवाय आत येत नाही. कंटेनर अडकला.

मी फोनवर भांडले, फोटो पाठवले, शेवटी भाऊंना घेऊन मुंबई गाठली. कस्टमचे साहेब म्हणाले, "मॅडम, मालकच भंगार म्हणतोय ना?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ टोपी हातात घेऊन पुढे झाले. "साहेब, थो आमचा लाडाचा शब्द हाये. लेकराले नाई का आपन गधड्या म्हनत?" साहेब हसले. कंटेनर काही हलला नाही.

तिकडे हंगाम तोंडावर आला. इथे चामडं तयार होतं, पण चढवायला दांडे नव्हते. टांझानियाच्या मोठ्या गिऱ्हाइकानं फोन करून माफी मागितली आणि सांगितलं, आम्ही दुसरीकडून स्वस्तातले नवे घेतले. झिजले की फेकून द्यायचे.

"म्हनजे दांडेबी फेकतीन?" भाऊंनी मला विचारलं.

"हो, भाऊ."

"काहून? दांड्याचं काय बिघडलं?"

एकेक करून बाकीचे जिनवालेही तिकडेच वळले.

अखेर बंदरावर अडकलेल्या कंटेनरचा लिलाव झाला आणि एका भट्टीवाल्यानं सगळे दांडे वितळवायला नेले. भाऊ त्यानंतर खचलेच. "मी सोताच त्यायले भंगार म्हनलो," एवढंच म्हणत बसायचे. मी समजावलं, रागावले, एकदा तर चक्क ओरडले, की एका शब्दानं असं काही होत नसतं. झालं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कारखाना अर्धा बंद पडला. मला ठेवून घेणं भाऊंना परवडेना आणि ते सांगणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून मीच पुण्यात नोकरी शोधली. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. वाटलं, आता पाठीवर थाप पडेल आणि ते म्हणतील, वापस येजो. ते मला हवंच होतं, अगदी आसुसून हवं होतं. थाप पडली. पुढे भाऊ काही बोलले नाहीत.

"येते, भाऊ," मीच म्हणाले.

"येते नोको म्हनू, पोरी. जाते म्हन."

दारातून निघताना आपल्याकडे कुणी जाते म्हणतं का? मी हट्टानं पुन्हा 'येते' म्हणाले, जरा मोठ्यानंच. भाऊंनी तोवर फाटक ओढून घेतलं होतं.