मापातला अंगठा

सिसिप म्हणजे बदक. लहानपणी फताडी पावलं टाकत चालायची म्हणून आजीनं हे नाव ठेवलं. आणि गंमत बघा, मोठेपणी दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, खाडीकाठच्या क्री जमातीच्या लोकांत बर्फावर चालायचे जाळीचे जोडे विणावेत तर हिनंच! ओल्या कातड्याची वादी तिच्या बोटांतून अशी सरसर जायची, की बाकीच्या बाया आपलं विणकाम मांडीखाली लपवायच्या.

कातडी विकत घेणाऱ्या व्यापारी ठाण्यावरचे गोरेही तिच्याच जोड्यांवर चालत. नदीतला बीव्हर नावाचा केसाळ प्राणी क्री गड्यांनी धरायचा, बायांनी कातडी खरवडून मऊ करायची आणि बदल्यात तिथल्या दुकानदारानं बंदुकीची दारू मोजून द्यायची. त्याला सगळे लालदाढ्या म्हणत. मोजणंही कसं? माप धरताना मेल्याचा अंगठा आत! माप काठोकाठ दिसायचं, घरी ओतलं की कमी. मापात पाप, दुसरं काय!

मागच्या हिवाळ्यात दारू लवकर संपली. रिकाम्या बंदुकीनं हरीण मरत नाही. सिसिपची सासू आपला घास नातवंडांना देत राहिली, "मला भूकच नाही गं" म्हणत राहिली आणि एका सकाळी उठलीच नाही. सिसिप ते विसरली नाही.

पुढच्या पानगळीत ती नवरा नामेव याच्याबरोबर स्वतः ठाण्यावर गेली. माप भरताना म्हणाली, "अंगठा काढ."

लालदाढ्या हसला. मोडक्यातोडक्या क्रीत म्हणाला, "अंगठाभरानं काय बिघडतंय, बाई? माझे जोडे कधी देतेस ते सांग. पहिल्या बर्फाला हवेत."

"देते की. तुझ्याच मापानं विणते."

आणि विणले! जाळीचं प्रत्येक भोक अंगठाभर मोठं. हातून वाईट काम कधी गेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या गाठीला बोटं अडखळली. मग सासूचा चेहरा आठवला आणि बोटं सुटली. नामेवनं जाळी पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"अगं बये! तो दार लावून घेईल. मग रिकामी बंदूक चाटायची का?"

"आत्ता तरी काय चाटतोयस?"

बाकीच्या बायांना कळलं तशा त्यांनीही आपल्या वाद्या गुंडाळून ठेवल्या. सिसिप सांगेल तेव्हाच विणायचं, असं ठरलं.

पहिलं मऊ बर्फ पडलं आणि कमरेएवढं साचलं. लालदाढ्या ते जोडे घालून ऐटीत पांढरे तितर मारायला निघाला. त्याचा जीव घ्यायचा नव्हता, म्हणून सिसिप लांब काठी घेऊन मागोमाग गेली. ठाण्याच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर गडी कमरेपर्यंत रुतला. जेवढी धडपड करी तेवढा खाली जाई. कुंपणावरून त्याचेच सोबती पोट धरून हसत होते.

सिसिप आपल्या बारीक जाळीवर अलगद उभी राहिली.

"काढ मला!" तो ओरडला. "भोकं मोठी आहेत यांची!"

"छे! जोडी तर पुरी दिली. अंगठाभरानं काय बिघडतंय, दादा?"

त्याची दाढी लाल, आता तोंडही लाल. दुसरे जोडे कोण विणणार? जोड्यांशिवाय शिकार नाही, मग हिवाळाभर खारं मांस खाऊन हिरड्या सुजवायच्या? त्यानं कुंपणाकडे एकदा पाहिलं. मग पुटपुटला, "माप तू धर."

"ऐकू नाही आलं. वारा आहे ना."

"माप तू धर, बाई!"

आता कुंपणापर्यंत ऐकू गेलं. तिनं काठी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला नवी जोडी दिली, बारीक जाळीची. आणि माप हातात घेऊन दारू शीग लागेपर्यंत भरली. पुढे तीस हिवाळे ठाण्यावरचं माप तिनंच धरलं. दुकानदार बदलले, हात बदलला नाही. नदीच्या वरच्या अंगाचे लोक होड्या काठाला लावून आधी विचारत, "बदकीण आहे का? नसली तर थांबतो."

पण तिची खरी जीत झाली ती त्याच हिवाळ्यात. नामेवनं हरीण पाडलं, पोरं पोटभर जेवली आणि तरीही दारूची पिशवी जड होती. सिसिपनं सगळ्यात चांगला तुकडा उचलला आणि विस्तवात ठेवला, गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा.

"घ्या आत्याबाई," ती म्हणाली. "आज भूक नाही म्हणायचं नाही."