बाईनं डोळे मिटले, तिथं पानी

माझी फजिती मीच सांगतो. दुसरा सांगंल तर तिखटमीठ लावून सांगंल. बसा, चहा गार करू नका.

त्या साली दुष्काळ असा, का हातपंप हापसला तर नुसती हवा यायची. दूध सोसायटीनं छावणी टाकलती, गावच्या समद्या म्हशी तिथं. चेअरमन म्हनले, "सोसायटी एकच बोर मारनार. जागा चुकली, तर म्हशी इकायच्या."

अशात पुन्याहून एक बाई आली. कानावर हे मोठाले डबे, हातात माईक.

"बाई, धंदा काय तुमचा?"

"काका, मी आवाज गोळा करते. कोरड्या विहिरीचा, पत्र्याचा, भेगाळलेल्या जमिनीचा. मग यंत्रात घालून त्याचं संगीत करते."

परदेशात लोकं तिकीट काढून ऐकत्यात म्हनं! आमी हितं फुकट ऐकतो, कोन टाळी वाजवतंय?

माझ्या अंगात खोड. पारावर सोडून दिलं, "बाई भुईतलं पानी ऐकती. जिथं डोळे मिटती, तिथं पानी!"

झालं! बाईच्या मागं गाव. ज्याच्या त्याच्या रानात बाईला चहा. आवाज मनाजोगता लागला का बाई डोळे मिटायची, का लगेच तिथं खुनंचा दगड. माझा दोस्त रशीद, मोटारी दुरुस्त करनारा. म्हनला, "अबे, कितना फेकता?"

"गप, मजा बघ."

मग बाई माझ्या अंगनात आली. लिंबाखाली टेकली, भुईला माईक लावला, डोळे मिटले. मिटले ते उघडंचनात! अर्धा तास! समदं गाव गप. एक शेळी वरडाया लागली, तर तिचं तोंड धरलं.

अन् आता काय सांगू तुमाला, माझी थाप मलाच खरी वाटाया लागली! चेअरमनम्होरं छाती ठोकली, "बोर हितंच!"

रशीदनं सदरा वढला. "अबे, थाप तेरीच हाय ना?"

"आसंल. पर बाईकडं बघ की!"

बोर मारला. चारशे फूट. धुराळा, नुसता धुराळा! चूल, वाळत घातलेलं धुनं, बायको, समदं पांढरं. बायको काय बोलली ते सांगत न्हाई, चहा घेताय तुमी.

बाई मातर खूश. पळत आली, भोकात माईक सोडला.

मी हळूच इचारलं, "बाई, त्या दिशी हितं काय ऐकलंत?"

"त्या दिवशी?" बाई लाजली. "डोळा लागला होता हो काका. सावली छान होती ना."

चेअरमन बाईकडं बघंनात, माझ्याकडं बघाया लागले.

"म्हशी इकायच्या न्हाईत, बाबुराव," ते म्हनले. "सिरसाळ्याहून टँकर आनू. तो सडकंवरच थांबतो. तिथून छावणीपातुर बादल्या तुमी आनायच्या. पाऊस पडंस्तोवर."

आनल्या की. काय करतो? तिसऱ्या खेपंला गुडघे कुरकुराया लागले, छाती भात्यावानी. बाई शेजारून चाललेली, माईक माझ्या तोंडाशी.

बादली टेकवाया वाकलो, तर म्हनती कशी, "थांबू नका हं काका! धाप फार सुंदर येतीये."