नांचारम्माच्या खाडीतलं मांजर

आंध्रच्या किनाऱ्यावर, मडापालेमच्या यानादी आदिवासी वस्तीत चिखलाला बिचकणारं कुणी नव्हतं, पण नांचारम्मासारखं चिखलात चालणारंही दुसरं कुणी नव्हतं. ओहोटी लागली की साडीचा काचा मारून, लोखंडी आकडा घेऊन ती खारफुटीत शिरायची. बिळात खांद्यापर्यंत हात घालून चिंबोरी ओढायची, नांग्या बांधून टोपलीत टाकायची. दोन मुली तिने याच खाडीच्या जिवावर वाढवल्या आणि सासरी धाडल्या.

नवरा कोटय्या सुब्बाराजूच्या तळ्यावर राखण करायचा. त्या वर्षी तळ्यातले मासे नाहीसे होऊ लागले. सकाळी बांधावर नुसते खवले आणि अर्धवट खाल्लेली डोकी. सुब्बाराजू मोटारसायकलवरून खाली न उतरताच म्हणाला, "मासे काय पंख फुटून उडाले रे? कोण खातंय, तू की तुझी बायको?"

"ऊद असतील, अय्या," कोटय्या मालकाला म्हणाला. "बुडी मारून मासे धरतात ते."

"मग धरून दाखव. नाहीतर राखणीला दुसरा बघतो."

कोटय्या घरी येऊन ताटाला हात न लावता बसून राहिला. खेकड्याचं कालवण निवत होतं. "जेव, मावा," नांचारम्मा म्हणाली; नवऱ्याला ती मावाच म्हणायची. "ते ऊद पोटभर जेवून झोपलेत आणि तू उपाशी?"

त्याच दिवसांत सिंधुजा नावाची मुलगी गावात आली. खाडीतल्या ऊदांचा अभ्यास करायचा होता तिला. समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे तिच्याजवळ होते, आणि ते झाडांना बांधायला चिखल ओळखणारं माणूस हवं होतं. नावाड्याने नांचारम्माचं नाव सांगितलं. ऊद फोटोत आले तर नवऱ्यावरचा आळ जाईल म्हणून नांचारम्मानेही लगेच होकार दिला.

पहिल्याच दिवशी सिंधुजा गुडघ्यापर्यंत रुतली. "अक्का, माझा बूट गेला!"

"जाऊ दे पोरी. खेकड्यांच्या लग्नात कुणीतरी घालेल."

कॅमेऱ्यात बगळे आले, मुंगूस आलं, नांचारम्माची पाठही आली. ऊद काही आले नाहीत. मग एका फोटोच्या कडेला अंधारातलं एक मागचं अंग सापडलं. जाड पाय, आखूड शेपूट, राखी अंगावर ठिपक्यांच्या ओळी. सिंधुजाचा आवाज एकदम खाली आला. "अक्का, ही बावुरु पिल्ली तर नसेल?"

नांचारम्मा खो-खो हसली. "अगं, ती तर मुलांना भेवडवायची गोष्ट! 'झोप, नाहीतर बावुरु पिल्ली येईल.' मी माझ्या पोरींना तेच सांगून झोपवलं. तिला कधी हातपाय असतात का?"

"असतात. मासे खाणारं रानमांजर आहे ते. पण ते वर उत्तरेला, कृष्णेच्या मुखाजवळच्या जंगलात. इथवर ते येतं असं कुणी कधी लिहिलेलं नाही."

सिंधुजाच्या वरिष्ठांनी फोटो पाहून नकारार्थी मान हलवली. एवढ्याशा अंगावरून काय ठरवायचं? साधं रानमांजरही असेल. चेहरा दिसायला हवा. त्यानंतर दोघी महिनोन्‌महिने खारफुटी तुडवत राहिल्या. एक कॅमेरा भरतीने गिळला, दुसऱ्यात मुंग्यांनी घर केलं. नांचारम्माला वाटायचं तिथे काही मिळायचं नाही, सिंधुजाला वाटायचं तिथेही नाही. "आपण दोघी मिळून खाडीला हसवतोय," नांचारम्मा म्हणायची आणि पुन्हा पुढे चालू लागायची.

पौषातली सकाळ होती. धुकं पाण्यावरून हळूहळू उठत होतं. नांचारम्मा पुढे होती, कमरेएवढ्या चिखलात. पलीकडच्या काठावर, सुब्बाराजूच्या तळ्याच्या बांधामागे, एक खोड हललं असं तिला वाटलं. ते खोड नव्हतं.

पाण्याच्या अगदी कडेला ते बसलं होतं. कुत्र्याएवढं भारदस्त, कपाळावरून मानेकडे गेलेल्या काळ्या रेषा, बारके गोल कान. पुढचा पंजा उचलून त्याने पाण्याला हलकेच टिचकी मारली, किडा पडावा तशी. थांबलं. पुन्हा टिचकी. पाण्याखाली काहीतरी सळसळलं, आणि त्या मांजराने डोकं खाली करून सरळ सूर मारला. अख्खं पाण्याखाली गेलं. मांजर आणि पाण्याखाली!

नांचारम्मा होती तिथेच थबकली. पाय रुतलेले, हात वर तसाच राहिलेला. मागे सिंधुजाही पुतळा झाली होती. मग पाणी फुटलं आणि तोंडात तडफडणारी बोय मासळी घेऊन ते बाहेर आलं, अंग झटकलं. थेंबांच्या पडद्यातून त्याने नांचारम्माकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, राग नव्हता. मुळांमागून एक पिल्लू धडपडत आलं आणि माशाच्या शेपटीला लोंबकळलं. आईने त्याला मासा दिला, आणि दोघं धुक्यात विरून गेली.

"पोरी," नांचारम्मा अखेर म्हणाली, "मी इथंच खेकडे काढते. इथंच आंघोळ करते. आणि ही बाई माझ्या शेजारी लेकरं वाढवत होती?" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला चिखल नसलेला हात नव्हता.

सिंधुजाला फोटो काढायचं सुचलंच नव्हतं. पण काठच्या तिवराच्या झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं, चेहऱ्यासकट. या वेळी वरिष्ठांनी लगेच मान्य केलं. या मांजराच्या वावराच्या नकाशावर मडापालेमचा ठिपका पडला.

तो फोटो घेऊन नांचारम्मा स्वतः सुब्बाराजूकडे गेली. "हा बघा अय्या, तुमचा चोर."

तो बघतच राहिला. "माझ्या तळ्यावर? हे?" मग जरा वेळाने, "फास लावायला सांगू कोटय्याला?"

"लावा. पण आधी तिच्या पिल्लाचं तोंड बघा."

सुब्बाराजूने फोटो पुन्हा हातात घेतला. पिल्लाचं तोंड निरखून पाहिलं. फास काही लागला नाही. खाडीच्या बाजूने जाळी लागली, आणि कोटय्या राखणीवर कायम राहिला. जाळीखालून अधूनमधून एखादा मासा जातोच. सुब्बाराजू कुरकुरतो, तेवढंच.

आता नांचारम्मा सिंधुजाबरोबर आणखी दक्षिणेच्या खाड्या धुंडाळते. परवा खाडीच्या एका अनोळखी फाट्यात तिने वाकून चिखलात पाहिलं. मांजराच्या पंजाचा ठसा, आणि मासे धरणाऱ्या त्या मांजराला असते तशी बोटांमधल्या पडद्याची पुसट खूण. ती बघत असतानाच त्यात कडेने पाणी झिरपू लागलं. नुकतंच कुणीतरी तिथून गेलं होतं. तिने हाताने सिंधुजाला थांबवलं, आणि दोघी तिथेच निश्चल उभ्या राहिल्या.