खैरुद्दीन चादरवाला आणि माझा डबा

खैरुद्दीन मुलतानचा. पाठीवर चादरींचं गाठोडं घेऊन दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगीत दारोदार फिरायचा. वॉचमन हाकलायचा, हा मागच्या जिन्यानं यायचा. चादरी एकजात भडक, तरी मी घ्यायचे, कारण त्याच्याजवळ बातम्या फार. कुणाकडे पाळणा हलला, कुणी नवं घर घेतलं. वाईट बातमी मात्र त्याच्या तोंडून कधी ऐकली नाही.

तो अबू धाबीकडे, मोहम्मद बिन झायद सिटीतही जायचा. तिथे माझी मैत्रीण ईश्वरी राहायची. त्याच्या हाती मी तिला लाडवांचा डबा धाडायचे. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत, म्हणून ती चटणी नाहीतर चिवडा भरून पाठवायची. खैरुद्दीनला या रीतीचं भारी कौतुक होतं.

दोन हजार नऊच्या मंदीत जो तो नोकरीच्या काळजीत होता. तेव्हापासून डब्यातून नुसती साखर येऊ लागली. माझं डोकंच फिरलं. मी राबून लाडू वळायचे आणि बाईसाहेबांनी मूठभर साखरेवर बोळवण करायची? आता तीच फोन करेल, म्हणून मी गप्प बसले.

"ईश्वरी भाभी ठीक है ना?" मी विचारायचे.

"अल्हम्दुलिल्लाह," तो म्हणायचा.

एका दुपारी तो गाठोड्याशिवाय आला. "व्हिसा कॅन्सल, भाभी. खलास. मुल्क जा रहा हूँ." त्यानं डबा पुढे केला. उघडला तर रिकामा.

"उसने खाली भेजा?"

तो खाली बघत म्हणाला, "वो लोग तो रमजान से पहले चले गये. साहब की नौकरी गयी, किसी को बोला नहीं. शक्कर मैं डालता था. बुरी खबर लाऊँ तो दरवाजा कौन खोलेगा? आज जाते वक्त झूठ नहीं बोलना था."

"और लड्डू?"

"अल क्वोज में, हमारे कमरे पे खाये. साथवाले सब बेकार बैठे हैं. माफ करना."

मी ईश्वरीला फोन लावला. नंबर बंद होता. चिडायला हवं होतं, पण मला रडूच आलं. तिची खबर काढून आणू शकेल असा एकच माणूस होता आणि तोही निघाला होता.

घरात होते तेवढे लाडू डब्यात भरून मी त्याच्या हातात दिले. "ये वापस नहीं लाना," म्हटलं. परत न आलेल्या डब्यांसाठी मी शेजारणींशी भांडलेली बाई. झाकणावर 'सौ. सुहासिनी' कोरलेलं आहे. मुलतानात ते कुणाला वाचता येणार नाही.