कुलूपवाल्याचा टोमणा

मॅलकी टूहीइतका सभ्य माणूस आमच्या टेबलावर दुसरा नव्हता, असं मी म्हटलं तर टलामोर गावातली निम्मी माणसं आज माझ्याशी भांडतील. पण मी अकरा वर्षं त्याच्यासमोर पत्ते वाटले आहेत. गालिच्यांच्या दुकानावरच्या लांबट खोलीत दर रविवारी, चर्च आणि दुपारचं जेवण उरकून, माणसं पोकर खेळायला येत. मॅलकी आपली पाळी येण्याआधी कधी पत्ते टाकत नसे. पैशांच्या जागी लावायच्या चकत्या नीट रचून ठेवी आणि कोणी विचारलं तर किती आहेत ते खरं सांगे. हातात जिंकणारे पत्ते असताना समोरच्याला ताटकळत ठेवणं त्याला नीचपणा वाटे. हरला तर हात पुढे करी, "छान खेळलात" म्हणे. उठताना न चुकता माझे आभार मानी.

पण तो बोले. समोरचा माणूस विचारात पडला की मॅलकीची जीभ चालू होई. आवाज अगदी मऊ, एखाद्या आजाऱ्याची चौकशी करावी तसा. ऑलिव्हर खाटकाला म्हणे, "अरे, मटण तोलताना तराजूवर अंगठा ठेवतोस, इथे तरी पैज खरी लाव." डब्लिनहून काळा चष्मा लावून एकजण आला तर त्याला म्हणाला, "काढ तो, गड्या. जूनपासून या गावात ऊन पडलेलं नाही." टेबल हसे. ज्याला लागलं तो लाल होई, आणि लाल झालेला माणूस पत्ते टाकून डाव सोडत नाही. तो पैसे घालतो. मॅलकीला तेच हवं असे.

मीही हसत असे, हे आधीच सांगून टाकते.

त्याचा धंदा कुलपांचा. चर्चमागच्या गल्लीत एक चिंचोळं दुकान होतं. किल्ल्या करून दे, कुलपं बसव, अडकलेली दारं उघड. कुलूपवाल्याला गावाचं सगळं ठाऊक असतं. कोणाच्या बायकोने नवऱ्याला बाहेर काढलं, कोणत्या भावांनी बापाचं कपाट फोडलं. मॅलकी ते कधीच बोलत नसे. मी एकदा काहीतरी खोदून विचारलं तर म्हणाला, "ब्रीडा, लोक मला घरात घेतात ते मी बहिरा आहे असं समजून." टेबलावरचे त्याचे टोमणे चारचौघांना दिसणाऱ्या गोष्टींवर असत. कोणाचं टक्कल, कोणाची जुनी गाडी, कोणाचा गेल्या आठवड्यातला मूर्खपणा.

कॉनलेथ गॅफ्नी मास्तर निवृत्त झाल्यावर यायला लागले. टेबलावरच्या निम्म्यांना त्यांनी गणित शिकवलेलं, त्यामुळे पन्नाशीचे खाटीक-ड्रायव्हरसुद्धा त्यांना "मास्तर"च म्हणत. खेळ सावध. मॅलकीने त्यांना दोन वर्षं डिवचून पाहिलं, स्वेटरवरून, छत्रीवरून, वहीत प्रत्येक डावाचे पत्ते लिहून ठेवण्यावरून. मास्तर नुसते हसायचे आणि पत्ते टाकायचे. एकदा म्हणाले, "मॅलकी, चाळीस वर्षं मी दहावीचे वर्ग घेतले. त्या पोरांपुढे तू म्हणजे काहीच नाहीस." सगळं टेबल मॅलकीवर हसलं. तोही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या मला दिसल्या.

त्यानंतर तीनएक आठवड्यांनी, नोव्हेंबरात, तो डाव पडला. बाकी सगळे डावातून बाहेर पडून मास्तर आणि मॅलकी दोघेच उरले. मॅलकीने आपल्या सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या. मास्तरांकडे एक्क्यांची जोडी होती. त्यांनी बराच विचार केला. मग बोटांनी पत्ते उचलले, माझ्याकडे टाकण्यासाठी. हात किंचित थरथरत होता.

मॅलकी म्हणाला, "मास्तर, कुलूप बदललं त्या दिवशीसुद्धा तुमचा हात असाच थरथरत होता."

मास्तरांचा हात तिथेच थांबला.

"कसलं कुलूप?" टेबलाच्या टोकाकडून कोणीतरी विचारलं. तो मास्तरांच्या बायकोचा, अट्रॅक्टाचा, चुलतभाऊ होता.

उत्तराची गरज उरली नव्हती. मास्तरांचा मुलगा फिआक्रा गोळ्यांच्या नादी लागला होता, हे गावाला माहीत होतं. तो आपणहून समुद्रापार लीड्सला कामाला गेला, असं मास्तर सांगत. अट्रॅक्टालाही त्यांनी तेच सांगितलं होतं, आणि तिच्या हातात नवी किल्ली ठेवताना जुनी कालव्यात पडली म्हणून कुलूप बदललं, असं. खरं तर मुलाला घराबाहेर काढून, तो परत आत येऊ नये म्हणून त्यांनी मॅलकीकडून ते बदलून घेतलं होतं.

मास्तरांनी पत्ते खाली ठेवले आणि सगळ्या चकत्या दोन्ही हातांनी पुढे ढकलल्या. मॅलकीने लगेच, रीतीप्रमाणे, आपले पत्ते उलटे केले. नव्व्यांचं त्रिकूट, चौक्यांची जोडी; मास्तरांच्या एक्क्यांवर भारी.

"छान खेळलात, मास्तर," तो सवयीने म्हणाला आणि हात पुढे केला.

मास्तरांनी त्या हाताकडे पाहिलं, खुर्चीवरचा कोट घेतला आणि गेले. ऑलिव्हर म्हणाला, "मॅलकी, हे बरं नाही केलंस." मी चकत्या मॅलकीकडे सरकवल्या आणि पुढचा डाव वाटला. पत्ते वाटणारीला टेबल थांबवता येतं. मी थांबवलं नाही.

चार दिवसांत ते अट्रॅक्टाच्या कानावर गेलं. दोन वर्षं ती फिआक्राच्या फोनची वाट पाहत होती. तो आपल्याला सोडून गेला म्हणून त्याच्यावर रुसलेली. तिने नवऱ्याला एकच विचारलं म्हणतात, "तो आला होता का परत? दारापर्यंत?" मास्तर हो म्हणाले. दोनदा आला होता. ती गॉलवेला बहिणीकडे निघून गेली, आणि तिथल्या बेघरांच्या निवाऱ्यांमधून मुलाला शोधत फिरू लागली. तो लीड्सला कधी गेलाच नव्हता.

पुढच्या रविवारी मॅलकी आला तेव्हा त्याला कोणी शिवी दिली नाही. त्याच्याशी कोणी बोललंच नाही. तो ऑलिव्हरला म्हणाला, "काय रे, आज गप्प? बायकोने जीभ काढून ठेवली का?" ऑलिव्हरने पत्ते टाकले. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. कोणी मान वर करेना. बोलण्याशिवाय त्याचा खेळ म्हणजे अगदी सामान्य होता, हे त्या दिवशी आम्हाला कळलं, आणि मला वाटतं त्यालाही. तासाभरात तो उठला.

दुकानाचंही तसंच झालं. ज्याला घराचं दार उघडून द्यायचं, त्याच्या तोंडाची खात्री नको? लोक शेजारच्या गावाहून कुलूपवाला बोलवायला लागले.

डिसेंबरच्या सुरुवातीला सकाळी तो माझ्या दारात उभा. हातात हत्यारांची पेटी. "ब्रीडा, मास्तरांकडे येशील? एकट्याने गेलो तर ते दार उघडणार नाहीत."

मी गाडी काढली. मास्तरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, पायात मोजे नव्हते.

"मास्तर, माझं चुकलं," मॅलकी म्हणाला. ते शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"तू खोटं काही बोलला नाहीस," मास्तर म्हणाले. "खोटं मी बोललो होतो. पण ते माझं होतं, मॅलकी. तिला मी सांगायचं होतं. रोज ठरवत होतो, उद्या सांगू."

मॅलकीने पेटी उघडली. आत एक जुनं पितळी कुलूप होतं. काढलेली कुलपं तो फेकत नसे. "हे तुमचं. पुन्हा बसवू का? मुलाकडे जुनी किल्ली असेल तर..."

मास्तर दारातून बाजूला झाले.

अर्ध्या तासात काम झालं. कोणी चहा विचारला नाही. मॅलकीने दोन किल्ल्या करून मास्तरांच्या हातात दिल्या. "एक अट्रॅक्टाताईंना पाठवा. त्यांच्याकडची आता लागणार नाही."

"पाठवतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी पाठवली नाही. पाकीट आणलं, पत्ता लिहिला. पण नुसती किल्ली कशी पाठवायची, सोबत चार ओळी तर लिहायला हव्यात, आणि त्या चार ओळी त्यांना सुचेनात. पाकीट स्वयंपाकघरात पडून राहिलं.

नाताळच्या आदल्या मंगळवारी अट्रॅक्टा आली. फिआक्रा सापडला होता, निमोनियाने इस्पितळात, आणि तिला त्याचे लोकरीचे कपडे हवे होते. मास्तर कालव्यावर फिरायला गेले होते. शेजारीण सांगते, अट्रॅक्टा आपल्याच घराच्या दारात दहा मिनिटं उभी होती, किल्ली एकदा अशी, एकदा तशी फिरवत. नवऱ्याने आता आपल्यालाही बाहेर ठेवलं, असंच तिने धरलं असणार. मग तिने किल्ली पत्रपेटीच्या फटीतून आत टाकली आणि बसथांब्याकडे चालू लागली.

मास्तरांना ती किल्ली पायपुसण्यावर सापडली. त्यांनी फोन केले, पत्रं लिहिली. आता ओळी सुचत होत्या. पुढे तिने त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला असं तिचा चुलतभाऊ सांगतो. पण ती परत आली नाही. मुलगा बरा झाला, तोही आला नाही.

हे मीच मॅलकीला दुकानात जाऊन सांगितलं. तो कानशीने एक किल्ली घासत होता. "मी सांगितलं होतं त्यांना, पाठवा म्हणून," तो म्हणाला. मग कानशी खाली ठेवून तो मागच्या खोलीत गेला आणि मी वाट पाहून निघेपर्यंत बाहेर आला नाही. मार्चमध्ये त्याने दुकान विकलं आणि बहिणीकडे मलिंगारला गेला. तिथे तो पोकर खेळत नाही, असं ऐकते.

आमचा रविवार चालू आहे. टोमणे अजून मारतात, त्याशिवाय या खेळात मजा ती काय. कोणी घरचं काही काढलं की मी गड्डी खाली ठेवते आणि तो माणूस गप्प होईपर्यंत पत्ते वाटत नाही. ऑलिव्हर म्हणतो, "ब्रीडा, तू फार कडक झालीस." मी म्हणते, उशिराच झाले.