बांगडेकाकांचा डबा

बांगडेकाकांच्या डब्याला वास सुटला की भांडुपच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात वाफ बंद व्हायची. काकांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते फक्त हजेरीपटावर असे.

आमचं काम म्हणजे निळ्या रंगाचा चिखल बंद टाकीत दाबाने गाळायचा. खाली कापडावर जो थर उरतो त्याला केक म्हणतात. त्यावर वाफ सोडली की ती आतलं पाणी ढकलत खाली उतरते, आणि तळाशी पोचली की केक कोरडा. पोचली कधी, हे ओळखण्यातच सगळी मेख. काका खालच्या पाइपवर आपला डबा ठेवत. नुसतं पाणी येतंय तोवर पाइप कोमट. वाफ आली की बांगड्याचं तिखलं दरवळायचं.

"आणि श्रावणात?" मी विचारलं होतं.

"श्रावणात नाक जास्त लावूक लागता."

मी मुलुंडची, शाकाहारी, नवी इंजिनिअर. त्या वासाने माझं डोकं उठायचं. साहेबांनी सांगितलं होतं, केकच्या तळाशी तापमानाचा सेन्सर बसवून एक बॅच नीट सुकवून दाखव, तरच नोकरी पक्की. त्या दिवशी ते जातीने हजर होते. तळाशी मधोमध बसवलेल्या माझ्या सेन्सरचा आकडा एकदम शंभरावर गेला.

"वाफ बंद करा!" मी ओरडले.

काका ढिम्म. "थांब गो बाय. माजो डबो अजून थंड आसा."

"काका, सेन्सर नवा आहे!"

"बांगडोपण आजचोच आसा."

साहेब हसले. मी तणतणत वाकून पाइपला हात लावला. कोमटच होता. नोकरी माझी, सेन्सर माझा, आणि भरवसा ठेवायचा माशावर! तरी जीव मुठीत धरून म्हटलं, "राहू दे चालू."

थोड्या वेळाने वास सुटला. टाकी उघडली तर केक कडेपर्यंत कोरडा, आणि बरोबर माझ्या सेन्सरच्या डोक्यावर एक भेग.

"वाफ म्हंजे आळशी," काका म्हणाले. "भेग गावली की थयसूनच पळतली. बाकीचो केक ऱ्हवता ओलो."

नोकरी पक्की झाली. पुढे मी चार कोपऱ्यांत चार सेन्सर लावले. पाचवा सेन्सर म्हणजे डबा, तो कुणी हलवला नाही.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी बॅच चालू करून दिली आणि हारतुरे नकोत म्हणून गुपचूप निघून गेले. डबा तेवढा पाइपवर राहिला होता. दुपारी चारही सेन्सर तापले, वासही आला, पण बांगड्याचा नव्हे. मी वाफ बंद केली आणि झाकण उघडलं. श्रावण नसताना आत भात आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं.

मला फार रडू आलं. तिथेच स्टुलावर बसून सगळं खाल्लं. अगदी तळापर्यंत गरम होतं.