हाऊस म्हणजे घर नव्हे

कोथरूडच्या माणसाला नदी ओलांडणं म्हणजे परदेशगमनच. त्या रविवारी अंधारातच निघालो तेव्हा अंगात सिल्कचा झब्बा होता आणि शबनममध्ये आंबा बर्फीचा पुडा. मुलीचा, रेवाचा, निरोप आला होता : 'बाबा, पहाटे मुंढव्याला माझा हाऊस सेट आहे. जमलं तर या.' हाऊस म्हणजे कुणाच्या तरी घरची बैठक. पहाटेची, म्हणजे दिवाळी पहाटेसारखीच. यजमानांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?

फाटकाशी शेजारचे जोगळेकर भेटले. "एवढ्या पहाटे नटून?"

"ऑफिसचं काम."

"अस्सं. रविवारी कचेरी सिल्कमध्ये भरते वाटतं."

खरं सांगतो, या खोटेपणाला मी सरावलोय. रेवा डीजे आहे हे सोसायटीत मी कुणालाच सांगितलेलं नाही. विचारलं की 'आयटीत आहे' म्हणतो. वरातीतल्या डीजेविरुद्धची सोसायटीची तक्रार माझ्याच हातची. रेवाला दोन्ही ठाऊक आहे. ती कधी बोलून दाखवत नाही, तेच जास्त लागतं.

पुलावर जलपर्णीचा दर्प आला. रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, कुठलं देऊळ?" आणि मला एका जुन्या गोदामापाशी सोडलं. घर कुठेच नव्हतं. दारातल्या मुलीनं मनगटावर शिक्का मारला आणि पुड्याकडे बोट केलं.

"हे काय?"

"बर्फी. यजमानांसाठी."

"ए, इथे यजमान कोण आहे रे?" ती आत ओरडली. कुणीच निघेना, तेव्हा एक वडी तिनंच उचलली.

वर गच्चीवर ना सतरंजी, ना खुर्ची. कॉफीचे पेले घेऊन पोरं उभ्यानंच डुलत होती. टेबलामागे रेवा, एका कानाला हेडफोन लावून मिक्स करत होती (एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच लयीत मिसळणं). मी सवयीनं सम शोधू लागलो. प्रत्येक ठोका सारखाच! सगळीच सम, की समच नाही? मान नेमकी कुठे हलवायची?

"काका, मोजू नका," शेजारचा दाढीवाला म्हणाला. "ड्रॉप येतोय." (ठोका काढून घ्यायचा आणि एकदम परत सोडायचा, हे मला मागाहून कळलं. तेव्हा काहीतरी पडणार म्हणून मी पुडा छातीशी धरला.)

पूर्वेला करडं उजाडत होतं. ठोका थांबला. संपलं असं समजून, त्या शांततेत मी मोठ्यानं म्हणालो, "वा! क्या बात है!"

सगळी गच्ची वळली. रेवानं मान वर केली, झब्बा पाहिला आणि हसू दाबत ठोका आणखी थोडा अडवून धरला.

"कोण हो तुम्ही?" दाढीवाल्यानं विचारलं.

'कोणी नाही' जिभेवर आलंच होतं. "मी तिचा बाप," म्हणालो, आणि तेवढ्यात ठोका सुटला.

"काय?"

दुसऱ्यांदा बेंबीच्या देठापासून ओरडावं लागलं.

ऊन आल्यावर रेवा आली, पुडा उघडून बसली. "संपायच्या आधीच दाद, बाबा?"

"मला वाटलं, समेवर आलीस."

"अजून यायची होते." तिनं दुसरी वडी घेतली. "आणि हाऊस म्हणजे घर नव्हे."

मग हाऊस हा कसला संगीतप्रकार, ते तिनं बराच वेळ समजावलं. परतताना रिक्षात आठवून पाहिलं; काही म्हणता काही उमगलेलं नव्हतं. झोप मात्र येत नव्हती.

फाटकाशी जोगळेकर पेपर घेऊन उभेच. "झालं ऑफिस?"

मी उरलेली बर्फी पुढे केली. "मुलीचा कार्यक्रम होता. रेवा डीजे आहे."

त्यांनी वडी सावकाश चघळली.

"मग आयटीत कोण आहे?"

"कुणी नाही," मी म्हणालो.